शान हाय जिंग : बुडालेली मुलगी आणि नदीचा उगम, एकाच परिच्छेदात

पायवाट (धागाकर्ती)

चीनच्या एका प्राचीन ग्रंथात फाजिउ नावाच्या डोंगराची नोंद आहे. ती आधी सांगते, मग ग्रंथाबद्दल बोलू.

फाजिउ डोंगरावर तुतीच्या जातीची झाडं पुष्कळ. तिथे एक पक्षी राहतो. दिसायला कावळ्यासारखा, डोक्यावर नक्षी, चोच पांढरी, पाय लाल. नाव जिंगवेई, आणि ओरडतो तेही स्वतःचंच नाव घेऊन. ही मुळात यानदी नावाच्या राजाची धाकटी मुलगी. पूर्वसमुद्रावर खेळायला गेली, बुडाली, परत आली नाही. तिचा हा पक्षी झाला. तेव्हापासून ती पश्चिमेच्या डोंगरांतून काटक्या आणि खडे चोचीत धरून नेते, पूर्वसमुद्र बुजवायला. आणि लगेच पुढचं वाक्य : जांग नदी इथे उगम पावते, पूर्वेला वाहत जाऊन पीत नदीला मिळते.

एवढंच. पुढे सरळ पुढचा डोंगर. फाजिउ आजही शान्शी प्रांतात आहे आणि जांग नदीचा एक मूळ प्रवाह खरोखर तिथूनच निघतो. मुलीचं मरण आणि नदीचा उगम हा ग्रंथ एकाच आवाजात सांगतो. एक कथा, दुसरा भूगोल, अशी फोड तो करत नाही. मला त्याचं वेड लागलं ते यामुळे, आणि हा धागाही त्यासाठीच.

ग्रंथाचं नाव शान हाय जिंग, म्हणजे डोंगर आणि समुद्रांचा ग्रंथ. आज मिळतो त्या रूपात अठरा प्रकरणं आणि जेमतेम ३१,००० चिनी अक्षरं. पहिली पाच प्रकरणं डोंगरांची : दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व आणि मध्य. उरलेली तेरा समुद्रापलीकडच्या आणि समुद्राअलीकडच्या प्रदेशांची, आणि अगदी कडेच्या महाअरण्याची. परंपरा सांगते की महापूर आवरणारा यू आणि त्याचा साथीदार यी यांनी तो लिहिला. अभ्यासक मात्र वेगवेगळे भाग इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून हान राजवटीच्या सुरुवातीपर्यंत लिहिले गेले असं मानतात. ते सगळं एकत्र नीट लावून लिउ शिन या दरबारी ग्रंथपालाने इ.स.पू. ६ मध्ये सम्राटापुढे ठेवलं.

डोंगरांची प्रकरणं एका ठरलेल्या साच्यात चालतात. "आणखी पूर्वेला तीनशे ली, अमुक डोंगर." (ली म्हणजे अंतराचं जुनं चिनी माप.) मग तिथे सोनं आहे की जेड, झाडं कोणती, नदी कुठून निघून कुठे मिळते, जनावर कोणतं, ते खाल्लं तर काय होतं आणि दिसलं तर काय होतं. पहिलाच डोंगर घ्या, जाओयाओ. तिथे चिनी लसणाच्या पातीसारखी, निळ्या फुलांची एक वनस्पती आहे, ती खाल्ली की भूक लागत नाही. काळ्या रेषांचं एक झाड आहे, त्याचा तुकडा अंगावर बाळगला की वाट चुकत नाही. पांढऱ्या कानांचं माकडासारखं एक जनावर आहे, कधी रांगतं, कधी माणसासारखं उभं चालतं. ते खाल्लं की माणूस चांगला पळतो. भूक, वाट, पाय. डोंगरात शिरणाऱ्या माणसाला पहिल्याच मुक्कामाला जे लागतं नेमकं तेच.

नऊ शेपट्यांचा कोल्हा बहुतेकांना जपानी अ‍ॅनिमेमुळे माहीत असेल. त्याची जुनी नोंद इथे आहे, छिंगछिउ डोंगरावर. तान्ह्या बाळासारखा रडतो, माणसं खातो. आणि जो त्याला खाईल त्याला विषारी करणीची बाधा होत नाही. हा कोल्हा पुढे कोरियात गेला, जपानात गेला, मोहक बाई झाला. मूळ नोंदीत त्यातलं काही नाही. तिथे तो एक धोका आहे आणि एक औषध.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतात ती शकुनाची जनावरं. पूर, दुष्काळ, साथ, युद्ध यांची आहेतच. एक डोळा, पांढरं डोकं आणि सापाची शेपटी असलेला बैल पाण्यात चालला की पाणी आटतं, गवतात चालला की गवत मरतं, आणि दिसला की मोठी साथ येते. पण ग्वेशान डोंगराची नोंद बघा. तिथे डुकरासारखं, पायाला कोंबड्यासारखी आरी असलेलं, कुत्र्यासारखं भुंकणारं एक जनावर आहे. ते दिसलं की त्या तालुक्यात मातीकामं फार निघतात. त्याच डोंगरावर माणसाचे हात असलेला, घारीसारखा एक पक्षी आहे. तो दिसला की तालुक्यातली पुष्कळ विद्वान माणसं हद्दपार होतात. आणखी एक केसाळ, माणसासारखा प्राणी दिसला की वेठबिगारीची मोठी लाट येते. हे लिहिणाऱ्याला सरकारची भीती पुराइतकीच खरी वाटत होती, आणि त्याने ती पुराशेजारीच नोंदवून ठेवली.

प्रत्येक डोंगररांगेच्या शेवटी बेरीज आणि पूजाविधी असतो. पहिल्या रांगेची बेरीज : दहा डोंगर, २,९५० ली. देव सगळे पक्ष्याच्या अंगाचे आणि ड्रॅगनच्या डोक्याचे. पूजेला एक केसाळ पशू आणि जेडचा तुकडा पुरायचा, तांदूळ वाहायचे, पांढऱ्या गवताची चटई अंथरायची. जनावरांच्या चित्रांमागे धावणारे लोक हा भाग वगळतात. मी म्हणते तो वगळला की ग्रंथाचा कणाच गेला. डोंगर ओलांडायचा तर तिथल्या देवाला काय द्यायचं, हे माहीत नसताना कोणी निघेल का?

तुम्ही कोणी वाचला आहे का? कुठून ओळख झाली?

---

कावेरी

जिंगवेई वाचून काटा आला. पंचतंत्रातली टिटवी आठवली लगेच. समुद्राने अंडी नेली म्हणून टिटवा समुद्र आटवायला निघतो. पण आपल्याकडे पक्षी एकत्र येतात, गरुडापर्यंत गाऱ्हाणं जातं, विष्णू समुद्राला दम देतात आणि अंडी परत मिळतात. इथे पुढे काय होतं?

---

पायवाट

कावेरी, पुढे काहीच होत नाही, आणि तिथेच दोन्ही गोष्टी वेगळ्या होतात. जिंगवेईच्या बाजूने कोणी उभं राहत नाही, समुद्रही काही बोलत नाही. ती नेहमी काटक्या नेते, एवढंच वाक्य आहे. चौथ्या-पाचव्या शतकातला कवी ताओ युआनमिंग याने हा ग्रंथ वाचून तेरा कविता लिहिल्या. त्यातल्या एकीत जिंगवेई आणि शिंगत्यान एकत्र येतात. शिंगत्यान स्वर्गाधिपतीशी लढला, त्याचं मुंडकं उडवलं गेलं आणि डोंगरात पुरलं. तर त्याने स्तनांचे डोळे केले, बेंबीचं तोंड केलं, आणि ढाल-कुऱ्हाड घेऊन नाचत राहिला. सरकारी नोकरी सोडून शेतावर परतलेल्या कवीला नेमके हे दोघे जवळचे वाटले. दोघांनाही जिंकण्याची आशा नाही आणि दोघंही थांबत नाहीत.

---

निरंजन७

मस्त धागा! एक शंका. मध्यंतरी एक फॉरवर्ड फिरत होता की या ग्रंथात अमेरिकेचं वर्णन आहे, चिनी लोक चार हजार वर्षांपूर्वी तिथे पोचले होते, ग्रँड कॅन्यनसुद्धा त्यात आहे. यात तथ्य आहे का?

---

अण्णा_सातारकर

निरंजन, तो दावा जुना आहे. हेन्रिएट मर्ट्झ या अमेरिकन बाईंनी १९५३ साली पुस्तक लिहून पूर्वेकडील डोंगरांच्या रांगा थेट उत्तर अमेरिकेच्या नकाशावर बसवल्या. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ग्रंथातील अंतरे 'ली'मध्ये आहेत. हान काळातील एक ली म्हणजे चारशे मीटरहून थोडे अधिक. मध्य विभागातील डोंगर, विशेषतः लुओयांगच्या आसपासचे, लुओ आणि यी या नद्यांच्या खोऱ्यातले, यांच्या नोंदी दाट आहेत. अंतरे लहान आहेत, नद्या बऱ्याचशा ओळखता येतात. सर्वांत जास्त डोंगरही मध्य विभागातच आहेत. तिथून जसजसे बाहेर जावे तसतशी अंतरे वाढतात, नद्या कमी होतात, खुणा पुसट होतात. म्हणजे लिहिणारे बसले होते कुठे हे नोंदीच सांगतात. ज्याला अमेरिकेचा किनारा ठाऊक आहे त्याला स्वतःच्या देशाची उत्तर सीमा इतकी पुसट दिसणार नाही. अमेरिकेवर ते डोंगर बसवायचे तर अंतरे आणि दिशा हव्या तशा ताणाव्या लागतात. आणि असे ताणले तर कोणतीही डोंगरांची यादी कोणत्याही खंडावर बसेल.

काळाबद्दलही. डोंगर-विभागाच्या शेवटी यूच्या तोंडी हिशेब घातला आहे : तांबे निघणारे डोंगर ४६७, लोखंड निघणारे ३,६९०. लोखंडाचे डोंगर तांब्याच्या कित्येक पट! महापुराच्या यूचा काळ परंपरेने चार हजार वर्षांपूर्वीचा. त्या वेळी चीनमध्ये लोखंड गाळत नव्हते. असा हिशेब ज्याला सुचतो तो माणूस युद्धमान राज्यांच्या काळातलाच (इ.स.पू. पाचवे ते तिसरे शतक) असणार, जेव्हा नांगराचा फाळ आणि शस्त्रे दोन्ही लोखंडाची होऊ लागली होती. राज्याला खनिजे कुठे आहेत हे हवे होते. या ग्रंथाला तो व्यवहार आहे, हे विसरू नये.

---

गोधडी

अण्णा, काय सुंदर समजावलंत! धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

टिपकागद

धागा आवडला, पण माझं मत थोडं वेगळं. या ग्रंथाला आपण आज उगाच डोक्यावर घेतोय का? सिमा छियानसारखा इतिहासकार इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून गेला की यातल्या विचित्र गोष्टींबद्दल बोलायची माझी हिंमत नाही. मिंग काळातल्या हू यिंगलिन याने याला विचित्रकथांचा पूर्वज म्हटलं. अठराव्या शतकात छिंग दरबाराने सगळ्या ग्रंथांची मोठी सूची केली, तिच्यात हा कथा-किश्श्यांच्या कप्प्यात टाकला. म्हणजे खुद्द चिनी विद्वानांनी त्याला भूगोल मानलं नाही. मग आपण 'नोंद', 'व्यवहार' असे शब्द का वापरायचे? लोकांनी ऐकीव गोष्टी लिहिल्या, झालं.

---

पायवाट

टिपकागद, मुद्दा चांगला आहे, म्हणून जरा लांब उत्तर देते.

कप्प्यांचंच बघू. हान इतिहासातल्या ग्रंथसूचीत हा ग्रंथ जमिनीचा, घराचा, माणसांचा आणि जनावरांचा आकार पाहून शुभाशुभ सांगणाऱ्या शास्त्रांबरोबर आहे. सुई राजवटीच्या सूचीत तो भूगोलात आला. छिंग सूचीत कथांमध्ये. ग्रंथ तोच. जग मोजायच्या पद्धती बदलल्या तसा त्याचा कप्पा बदलला. शेवटचा कप्पा तेवढा बरोबर, असं का धरायचं?

सिमा छियानचं वाक्य कुठे आलं तेही पाहायला हवं. पश्चिमेकडच्या फरगाणा प्रदेशाबद्दलच्या प्रकरणाच्या अगदी शेवटी. झांग छियान हा दूत मध्य आशियात जाऊन आला होता. पीत नदी कुनलुन पर्वतातून निघते असं जुने ग्रंथ म्हणत. त्याच्या प्रवासानंतर प्रश्न उभा राहिला की तिकडे तसा कुनलुन कोणी पाहिला? त्या संदर्भात इतिहासकार हात आखडता घेतो. आणि याच प्रकरणात भारताचा उल्लेख आहे. झांग छियानला बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानात) सिछुआनचे बांबू आणि कापड दिसलं. कुठून आणलं विचारल्यावर व्यापारी म्हणाले, शेनदूहून, म्हणजे सिंधूच्या देशातून. चिनी इतिहासात आपल्या देशाची पहिली ओळख आणि शान हाय जिंगचा पहिला उल्लेख एकाच प्रकरणात आहेत.

आता दुसरी बाजू. लिउ शिनने ग्रंथासोबत सम्राटाला जे निवेदन दिलं त्यात दोन प्रसंग आहेत. सम्राट वूच्या काळी कोणीतरी एक विचित्र पक्षी भेट म्हणून आणला. काहीही दिलं तरी तो खाईना. दोंगफांग श्वो या दरबारी विद्वानाने पाहताक्षणी त्याचं नाव सांगितलं आणि तो काय खातो तेही सांगितलं. पुढे सम्राट श्वानच्या काळी खडक फोडताना एक दगडी खोली उघडी पडली, आत हात मागे बांधलेला माणूस. लिउ शिनच्या वडिलांनी, लिउ शियांग यांनी, सांगितलं की हा अरफू नावाच्या देवाचा मंत्री, खून केला म्हणून बांधून ठेवलेला, ग्रंथात लिहिलंय. त्यानंतर दरबारी लोक हा ग्रंथ उत्साहाने वाचू लागले, असं लिउ शिन म्हणतो. ते दोन प्रसंग घडले की नाही हा वेगळा प्रश्न. पण तो ग्रंथाची किंमत कशात सांगतो? यातून विचित्र वस्तू ओळखता येतात आणि दूरच्या देशांची माहिती मिळते, यात. कथा म्हणून नव्हे.

तिसरा माणूस ग्वो पू (२७६ ते ३२४), पहिला मोठा भाष्यकार. त्याच्या प्रस्तावनेतला मुद्दा मला या सगळ्या वादावरचं उत्तर वाटतो. तो म्हणतो, वस्तू स्वतःहून विचित्र नसते, मी तिला पाहतो तेव्हा ती विचित्र होते. विचित्रपणा माझ्यात आहे, वस्तूत नाही. पुढे तो उदाहरणही देतो की उत्तरेच्या लोकांना कापड पाहून ते तागाचं आहे हे कळत नाही आणि दक्षिणेच्या लोकांना लोकरीचं कापड पाहून ती लव वाटते. सवयीचं ते खरं आणि क्वचित दिसणारं ते खोटं, ही माणसाची खोड तो सतराशे वर्षांपूर्वी दाखवून देतो.

---

रानवेडा

ग्वो पूचं वाक्य लिहून घेतलं.

मी जंगलात काम करतो म्हणून प्राण्यांबद्दल लिहितो. लोक या यादीतला प्रत्येक प्राणी आजच्या प्राण्याशी जुळवतात, त्याचा मला कंटाळा आहे. सहा पायांचा, चार पंखांचा साप कोणता 'खरा' प्राणी, याला काही अर्थ नाही. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्याच यादीत, त्याच सुरात, गेंडे आणि हत्ती येतात. अमुक डोंगरावर गेंडे पुष्कळ, अमुक ठिकाणी हत्ती पुष्कळ. आज चीनमध्ये रानटी हत्ती फक्त युन्नानच्या दक्षिण टोकाला उरलेत आणि गेंडा नाहीच. तेव्हा मात्र यांगत्से खोऱ्यात दोन्ही होते. गेंड्याच्या कातडीची चिलखतं बनत असत. जंगल तोडून शेती वाढली, हवा थंड होत गेली, आणि हत्ती दक्षिणेला हटत गेले. त्यामुळे आजच्या वाचकाला हत्ती आणि नऊ शेपट्यांचा कोल्हा दोन्ही सारखेच दूरचे वाटतात. लिहिणाऱ्याला हत्ती शेजारचा होता.

हत्ती गिळणाऱ्या सापाचीही नोंद आहे ना? तीन वर्षांनी हाडं ओकतो म्हणे.

---

पायवाट

हो, बाशे. आणि ती हाडं सज्जन माणसाने खाल्ली तर हृदय-पोटाचे विकार होत नाहीत, अशी औषधाची ओळ लगेच आहेच. साप केवढा यावर ग्रंथ थांबत नाही, हाडाचा उपयोग काय यावर थांबतो.

---

सुमेध_चेंगदू

इथे चेंगदूत राहतो, म्हणून एक भर घालतो. जवळच ग्वांगहान गावी सानशिंगद्वे या प्राचीन उत्खननस्थळाचं संग्रहालय आहे. १९८६ मध्ये तिथे दोन मोठे खड्डे सापडले. त्यातल्या दुसऱ्या खड्ड्यातलं कांस्याचं झाड आता जोडून उभं केलंय, जवळजवळ चार मीटर उंच. फांद्यांवर नऊ पक्षी, खोडावरून खाली उतरणारा ड्रॅगन. तीन हजार वर्षांहून जुनं काम.

शान हाय जिंगमध्ये पूर्वेला थांगगू नावाची दरी आहे, तिथे दहा सूर्य आंघोळ करतात. पाण्यात फूसांग नावाचं झाड आहे. नऊ सूर्य खालच्या फांद्यांवर, एक वरच्या. आणखी एका प्रकरणात लिहिलंय की एक सूर्य परत येतो तेव्हा दुसरा निघतो, आणि सगळ्यांना कावळे वाहून नेतात. कांस्याच्या झाडाचा शेंडा तुटलेला आहे. दहावा पक्षी तिथे असावा, असा तर्क इथे बरेच अभ्यासक करतात. तर्कच आहे, त्यावर एकही अक्षर कोरलेलं नाही. पण झाडासमोर उभं राहिलं की तो सोडवत नाही. १९७२ मध्ये चांगशाजवळ मावांगद्वेला हान काळातल्या एका बाईची कबर उघडली, तिच्या रेशमी पताकेवरही सूर्यात कावळा आहे आणि खाली झाडात छोटे सूर्य आहेत. म्हणजे ही कल्पना लोक मनापासून मानत होते, मेल्यावर सोबत न्यावी इतकी.

---

टिपकागद

सुमेध, माहिती सुंदर. पायवाट, तुमचं उत्तर पटण्यासारखं आहे. तरी मला एक हवंय. लोक मानत होते हे ठीक, पण यातली एखादी गोष्ट ग्रंथाबाहेरच्या, ग्रंथाहून जुन्या पुराव्याने खरी ठरली आहे का? शक्यतो लिखित.

---

पायवाट

ठरली आहे, आणि तीही सगळ्यात अद्भुत समजल्या जाणाऱ्या महाअरण्याच्या प्रकरणांतली.

पूर्वेच्या महाअरण्यात वांग हाय नावाचा माणूस येतो. दोन्ही हातांत पक्षी धरलेला आणि त्याचं डोकं खात असलेला. त्याने आपली गुरं योउयी लोकांकडे ठेवली, त्यांनी त्याला मारलं आणि गुरं घेतली. हजारो वर्षं कोणी याकडे इतिहास म्हणून पाहिलं नाही. मग आन्यांगला शांग राजांच्या काळातली, शकुन पाहण्यासाठी अक्षरं कोरलेली हाडं सापडली, इ.स.पू. तेराव्या ते अकराव्या शतकातली. वांग ग्वोवेई या विद्वानाने १९१७ मध्ये दाखवलं की त्या हाडांवर वांग हाय आहे, शांग राजघराण्याचा पूर्वज म्हणून. त्याच्या नावाने गुरांचे बळी दिले जात. काही हाडांवर तर त्याच्या नावाच्या अक्षराला पक्षी जोडलेला आहे.

दुसरं उदाहरण हू हौश्वान यांचं, १९४०च्या दशकातलं. एका हाडावर चार दिशांच्या देवतांची आणि त्यांच्या चार वाऱ्यांची नावं कोरली आहेत. महाअरण्याच्या प्रकरणांतही चार दिशांची आणि वाऱ्यांची नावं विखुरलेली आहेत. ती एकमेकांशी जुळतात. हाड आणि ग्रंथ यांच्यात निदान आठ-नऊशे वर्षांचं अंतर. ग्रंथ लिहिणाऱ्यांना ती हाडं माहीत असणं शक्य नव्हतं, ती तेव्हाच जमिनीखाली गाडली गेली होती. म्हणजे मधली सगळी शतकं कोणीतरी वाऱ्यांची नावं तोंडाने पुढे दिली.

---

टिपकागद

हे माहीत नव्हतं. वाऱ्यांचं उदाहरण फार जबरदस्त आहे. कथांचा कप्पा या ग्रंथाला पुरत नाही, हे मान्य. तरी सहा पायांच्या सापाला मी भूगोल म्हणणार नाही.

---

शमीवृक्ष

संस्कृताच्या बाजूने थोडं. शिंगत्यान वाचून अरण्यकांडातला कबंध आठवणं साहजिक आहे. त्यालाही डोकं नाही, पोटात तोंड, छातीवर डोळा. इंद्राच्या वज्राने डोकं आत दबलं. पण कबंध शापातून सुटण्याची वाट पाहत असतो, राम-लक्ष्मण हात तोडतात आणि तो मोकळा होतो. शिंगत्यानला सुटका नको आहे, त्याला लढाई हवी आहे. त्यामुळे आकार सारखा असला तरी मला ही एक गोष्ट वाटत नाही.

समुद्रापलीकडच्या लोकांची यादी मात्र आपल्याकडच्या याद्यांच्या फार जवळ जाते. ग्रंथात एकडोळ्यांचा देश आहे, तीन डोक्यांचा आहे, छातीला आरपार भोक असलेल्यांचा आहे, आणि कान इतके लांब की चालताना हातांनी धरावे लागतात अशांचाही. आपल्याकडे सभापर्वात सहदेव दक्षिण दिग्विजयाला निघतो तेव्हा त्याला एकपाद माणसं आणि कर्णप्रावरण, म्हणजे कान पांघरणारे लोक, भेटतात. बृहत्संहितेतल्या कूर्मविभागात वराहमिहिर देशांची यादी देतो, तिच्यात खरे देश आणि अश्वमुख, एकडोळे, माणूसखाऊ लोक एकाच ओळीत बसले आहेत. पायवाट म्हणतात तो 'एकच आवाज' तिथेही ऐकू येतो.

आणि बायकांचा देश. शान हाय जिंगमध्ये एवढंच आहे की दोघी बायका राहतात, भोवती पाणी. स्त्रीराज्य वराहमिहिराच्या यादीत आहे, आणि मराठी घरांत नवनाथ भक्तिसार वाचलं जातं तिथे मच्छिंद्रनाथ अडकले ते स्त्रीराज्य सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या हद्दीपलीकडे बायकांचं राज्य आहे, असं जुन्या जगात पुष्कळांना वाटत होतं.

---

अण्णा_सातारकर

शमीवृक्ष, उत्तम. भारताचा उल्लेख प्रत्यक्ष ग्रंथात आहे का, हे कोणी सांगावे. वर सिमा छियानचा आला, तो निराळा.

---

पायवाट

आहे, अण्णा. अठरावं प्रकरण त्यानेच सुरू होतं. "पूर्वसमुद्राच्या आत, उत्तरसमुद्राच्या कोपऱ्यात, चाओश्यान आणि त्यानदू नावाचे देश आहेत. तिथले लोक पाण्याकाठी राहतात, माणसांच्या जवळ राहतात, माणसांवर माया करतात." चाओश्यान म्हणजे कोरिया. त्यानदू म्हणजे भारत, बुद्धाचा देश, असं ग्वो पू आपल्या टीपेत सांगतो. तिथले लोक धर्माला मान देतात, त्यांच्याकडे लिखाण आणि नाणी आहेत, हेही त्याने जोडलंय. कोरियाशेजारी, उत्तरसमुद्राच्या कोपऱ्यात भारत! या जागेवर नंतरचे भाष्यकार फार अडखळले. कोणी म्हणे वाक्य इकडचं तिकडे झालं, कोणी म्हणे हा देश दुसराच. जागा चुकीची असेलही. मला ते वर्णन महत्त्वाचं वाटतं. या प्रकरणांत परके देश म्हणजे बहुधा एखादं जास्तीचं किंवा कमी अंग. इथे लोकांना काहीही कमी-जास्त नाही. ते माया करतात, एवढीच त्यांची ओळख आहे.

---

गोधडी

मी अभ्यासक नाही, पण या ग्रंथाशी माझी ओळख आधुनिक चिनी लेखक लू शुन याच्या एका आठवणीतून झाली. लहानपणी त्याने ऐकलं की या ग्रंथाची चित्रांची प्रत असते : माणसाच्या तोंडाचे प्राणी, नऊ डोक्यांचा साप, बिनडोक्याचा नाचणारा माणूस. त्याला ती हवी हवी झाली. घरातलं शिकलेलं कोणी लक्ष देईना. त्याला सांभाळणारी आ छांग, निरक्षर बाई, रजेवर घरी गेली आणि परत आली ती चार छोटी पुस्तकं घेऊन. नावही तिला धड घेता येत नव्हतं. कागद पिवळा, छपाई वाईट, चित्रं नुसत्या सरळ रेघांची. तरी ती त्याची सगळ्यात लाडकी पुस्तकं झाली. ज्याला इतर मोठ्यांनी उडवून लावलं ते तिने मनावर घेतलं, हे तो पन्नाशीकडे झुकल्यावर, १९२६ मध्ये, लिहितो. मला ते वाचताना रडू आलं होतं.

त्याआधी त्याने चिनी कथासाहित्याचा इतिहास लिहिला होता, त्यात या ग्रंथाला प्राचीन मांत्रिकांचा ग्रंथ म्हटलंय. पूजाविधींबद्दल पायवाट जे म्हणतात त्याच्याशी ते जुळतं.

---

कावेरी

गोधडीताई, फार छान लिहिलंत. चित्रांवरून विचारते, मूळ ग्रंथालाच चित्रं होती का? की नंतर काढली?

---

पायवाट

समुद्रांच्या प्रकरणांची भाषाच चित्राकडे बोट दाखवते. वांग हायचंच बघ : 'दोन्ही हातांत पक्षी धरलाय, डोकं खातो आहे'. कोणी पूर्वेकडे तोंड करून उभा, कुणाच्या हातात मासा, कोणी अमुकच्या उत्तरेला. गोष्ट सांगणारा असं बोलत नाही, समोरचं चित्र वाचणारा बोलतो. बाराव्या शतकात जू शी या तत्त्वज्ञाला हे जाणवलं होतं. मजकूर चित्रं पाहून लिहिला असावा असं तो म्हणतो. ताओ युआनमिंगही 'डोंगर-समुद्रांची चित्रं' चाळल्याचं लिहितो. ती जुनी चित्रं गेली. आज आपण पाहतो ती मिंग आणि छिंग काळातली, म्हणजे मजकूर वाचून पुन्हा काढलेली. चित्रावरून शब्द, आणि हजार-दीड हजार वर्षांनी शब्दांवरून चित्र.

म्हणून डोंगरांची प्रकरणं आणि समुद्रांची प्रकरणं एका दमात वाचू नयेत असं मला वाटतं. पहिली पायी चालत लिहिल्यासारखी आहेत, दुसरी भिंतीसमोर उभं राहून.

---

निरंजन७

अमेरिकेच्या शंकेचं उत्तर मिळालं, अण्णा, धन्यवाद. आता वाचायचाच आहे. चिनी येत नाही. कुठून सुरुवात करू?

---

पायवाट

निरंजन, इंग्रजीत अ‍ॅन बिरेल यांचा १९९९चा संपूर्ण अनुवाद आहे. रिचर्ड स्ट्रासबर्ग यांचं २००२चं पुस्तक निवडक आहे, पण त्यात १५९७च्या प्रतीतली चित्रं आणि प्रत्येकावर सविस्तर टिपण आहे. आधी चित्रांचं घे. मूळ चिनी मजकूर चायनीज टेक्स्ट प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर मोफत आहे. भाषा येत नसली तरी तोच साचा पुन्हा पुन्हा येताना डोळ्यांना दिसतो.

पहिल्या पानापासून सुरू करू नकोस. समुद्रापलीकडच्या उत्तरेच्या प्रकरणात क्वाफू आहे, सूर्याशी पळायची शर्यत लावणारा. तहान लागली म्हणून पीत नदी आणि वेई नदी पिऊन टाकतो, पुरत नाही, उत्तरेच्या मोठ्या तळ्याकडे निघतो आणि वाटेतच मरतो. टाकलेल्या काठीचं वन होतं. मग अठराव्या प्रकरणाचा शेवट वाच. गुन स्वर्गाधिपतीची आपोआप वाढणारी माती न विचारता उचलतो, पूर अडवायला. त्याला मारतात, त्याच्या पोटातून यू जन्मतो, आणि जमीन बसवायचं काम त्यालाच सांगितलं जातं. त्यानंतर डोंगर. एका वेळी एकच रांग, शेजारी पीत नदीचा नकाशा उघडून.

पश्चिमेची तिसरी रांग मी मराठीत करायला घेतली आहे. कुनलुन त्यात आहे. बिबट्याची शेपटी आणि वाघाचे दात असलेली, साथी आणि शिक्षांवर अधिकार चालवणारी शीवांगमू त्यात आहे. नंतरच्या काळात ती अमरत्वाची पीचफळं वाटणारी राणी झाली, पण इथे अजून नाही. आणि दीजियांगही आहे, पिवळ्या पिशवीसारखा, सहा पायांचा, चार पंखांचा, तोंड-डोळे काहीच नसलेला, ज्याला गाणं आणि नाच मात्र कळतो. पहिले सहा डोंगर झाले की याच धाग्यावर टाकते. रानवेडा, झाडांच्या नावांसाठी तुमची मदत लागेल.

---

रानवेडा

नक्की. झाडांची वर्णनं आधी पाठवा : पान, साल, फुलाचा रंग, जे असेल ते. नावं नंतर बघू.